पडदे सोडायचे की नाही?

द्राक्षं खायला विकणाऱ्याची पावसाची धास्ती माल गाडीत चढला की संपते. बेदाणा करणाऱ्याची तिथून सुरू होते. काढलेला माल पुढचे बारा ते पंधरा दिवस उघड्या वाऱ्यावर, जाळीवर पसरलेला असतो आणि तोही फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे ऐन वळवाच्या तोंडावर. गेल्या हंगामात आमच्या घरी हवामान बघायचं काम माझ्याकडे आलं. आमचे हे बागेत नाहीतर रॅकवर, सासरे आण्णा बांधावर नाहीतर फोनवर, आणि घरात विज्ञान शिकलेली मी एकटी. ‘तुला त्यातलं कळतं’ म्हणत मोबाईल माझ्या हातात दिला गेला तो दिलाच.

आमची बाग तासगाव तालुक्यात, अग्रणी नदीच्या खोऱ्यात. अग्रणी खानापूरच्या पठारावरून निघते, तासगाव, कवठेमहांकाळ ओलांडते आणि पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. सह्याद्रीनं अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. पाण्यासाठी या भागानं किती सोसलं ते सांगायला नको. पण त्याच कोरड्या हवेवर बेदाण्याचा धंदा उभा राहिलाय. माल सुकवायला आम्ही नागजच्या बाजूला शेड भाड्यानं घेतो. मिरज-पंढरपूर रस्त्यानं नागज, जुनोनीकडे गेलं की दोन्ही अंगाला हिरव्या जाळीच्या शेडच शेड दिसतात. तिथला वारा आमच्या गावापेक्षाही कोरडा आणि मोकळा. गाडीभाडं जातं, पण माल एक-दोन दिवस आधी उतरतो आणि त्या एक-दोन दिवसांतच रंग ठरतो.

रंग म्हणजे भाव. साखर 22-24 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) आली की घड काढायचे. पाण्यात लिटरमागे साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल घालून त्या द्रावणात क्रेट दोन-चार मिनिटं बुडवायचा, निथळायचा आणि घड रॅकवर, म्हणजे एकावर एक बांधलेल्या जाळ्यांच्या थरांवर, एकेरी पसरायचे. मण्याच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी सोडत नाही. द्रावणानं तो सैल पडतो आणि पाण्याला वाट होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच द्रावणाचा फवारा पुन्हा मारायचा. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे टनामागे पाऊण टन पाणी नुसत्या वाऱ्यानं उचलून न्यायचं असतं. ते झपाट्यानं गेलं तर मणी हिरवट राहतो. रेंगाळलं तर कापलेलं सफरचंद लाल पडतं तसा मणी तपकिरी होत जातो. पावसाचा थेंब पडायचीही गरज नसते, चार दिवस आभाळ आणि दमट हवा पुरते.

हे मला सुरुवातीलाच लक्षात घ्यावं लागलं, कारण आण्णांचा प्रश्न रोज एकच असायचा. “पाऊस हाय का न्हाय एवढं सांग पोरी, बाकीचं तुझं तुझ्यापाशी.” मला सगळं ‘बाकीचं’च महत्त्वाचं वाटत होतं.

कामाची सुरुवात गुरुवारपासून झाली. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यात आपल्या गावाचं काही नसतं, नुसते देशाचे रंगीत नकाशे असतात: या आठवड्यात पाऊस सरासरीच्या वर की खाली, तापमान वर की खाली. मार्चमध्ये आमच्याकडे पावसाची सरासरीच इतकी तोकडी की ‘सरासरीपेक्षा जास्त’ या हिरव्या रंगाचा अर्थ एखादी सर एवढाही असू शकतो. तरी टोळी आणि शेड ठरवायला तोच उपयोगी पडला. टोळीला आठ-दहा दिवस आधी सांगावं लागतं, आयत्या वेळी माणसं मिळत नाहीत. मार्चच्या शेवटच्या आठवड्याचा नकाशा लागोपाठ दोन गुरुवार हिरवाच दिसला, तेव्हा मी म्हटलं, सगळा माल एकदम नको काढायला. तीन भाग करू. पहिला लगेच, दुसरा आठवड्यानं आणि तिसरा त्या हिरव्या आठवड्याच्या पलीकडे.

आण्णांना ते पटलं नाही. तीनदा टोळी बोलवायची म्हणजे तीनदा हिशेब, तीनदा चहापाणी आणि झाडावर राहिलेल्या मालाला पाखरांचा त्रास वेगळाच. शिवाय त्यांच्या मते बाहेर ठेवण्यापेक्षा शेडमध्ये छताखाली माल सुरक्षित. यात तथ्य होतं. गारा पडल्या तर वेलीवरचा माल संपतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रात कुणी विसरलेलं नाही. उत्तरेकडून वरच्या थरात उतरलेली थंड हवा आणि खालची ओलसर हवा एकत्र आली आणि कित्येक जिल्ह्यांतली उभी पिकं आडवी झाली. पण गारा बागेवर पडल्या काय आणि शेडमध्ये माल दमट हवेत अडकला काय, तोटा दोन्हीकडे आहे. तो एकाच ठिकाणी नको, एवढंच माझं म्हणणं होतं. शेवटी ह्यांनी मध्ये पडून तीन भाग कबूल केले. आण्णा दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

त्यानंतर रोजचं वाचन. मंगळवार आणि शुक्रवारी जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक येतं, पाच दिवसांचं: पाऊस, कमाल-किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, ढगांचं प्रमाण. तेच मेघदूत ॲपवर मराठीत मिळतं. बहुतेक लोक त्यातला पावसाचा रकाना बघून पुढे जातात. बेदाण्याला आर्द्रता आणि वारा हे रकाने आधी बघावेत असं माझं ठाम मत झालंय.

टीव्हीवरच्या ‘मध्य महाराष्ट्रात पावसाची शक्यता’ या पट्टीनं मात्र घरोघरी उगाच घबराट होते. हवामान खात्याचा मध्य महाराष्ट्र नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला आहे. जळगावात ढग आले तरी ती पट्टी खरी ठरते. जिल्ह्याच्या इशाऱ्यातही ‘तुरळक ठिकाणी’ असं लिहिलेलं असतं, त्याला हिशेब आहे: त्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त चौथ्या हिश्शात पाऊस नोंदला जाण्याची अपेक्षा. म्हणजे इशारा अगदी तंतोतंत खरा ठरला तरी चारपैकी तीन जण कोरडेच राहणार, आणि ते तिघं संध्याकाळी पारावर बसून हवामान खात्याला नावं ठेवणार. आमच्याकडे तेच चालतं.

मग गावापुरता अंदाज हवा म्हणून लोक विंडीसारख्या ॲपकडे वळतात. तिथं बोट ठेवलं की आपल्या शेताचा पाऊस मिलिमीटरमध्ये दिसतो. मलाही सुरुवातीला तो आकडा फार विश्वासाचा वाटायचा. पण युरोपच्या हवामान केंद्राचं संगणकावरचं मॉडेल झालं तरी त्याची चौकट नऊ किलोमीटरची. त्या अख्ख्या चौकटीला एकच आकडा. वळवाचा ढग मुळात तेवढाच, कधी त्याहून लहान, तासाभरात वाढून बरसून मोकळा होणारा. तो कुठल्या गावावर फुटेल हे दोन दिवस आधी कुठलंच मॉडेल सांगू शकत नाही. ढग फुटण्याजोगी हवा तयार होतेय का, हे मात्र चांगलं सांगतं. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून खाली तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा पट्टा उतरला, अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून ओल आत येऊ लागली आणि वर 37-38 अंशांचं ऊन असलं की दुपारनंतर ढग उभे राहणारच. कुणाच्या माथ्यावर, ते वारा ठरवतो.

या सगळ्यात मला सर्वांत कामाचा आकडा सापडला तो दवबिंदू, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातल्या ओलीचं दव पडायला लागेल तो आकडा. आर्द्रतेचे टक्के दिवसभर फसवतात. दुपारी 36 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असली की दवबिंदू साधारण 9-10 असतो. ही बेदाण्याची हवा. तोच दवबिंदू 19 वर गेला तर दुपारी आर्द्रता 37-38 टक्केच दिसते, माणसाला वाटतं अजून कोरडंच आहे. पण रात्री पारा 22 पर्यंत उतरला की तीच हवा 80 टक्क्यांच्या पुढे जाते आणि निम्मा सुकलेला मणी उलट हवेतली ओल ओढायला लागतो. म्हणून मी शेडमध्ये खालच्या थराजवळ एक साधा आर्द्रतामापक टांगला आणि वहीत रोज सकाळ-संध्याकाळचा आकडा लिहायला लागले. ह्यांना आधी हसू आलं. नंतर तेच फोन करून विचारायला लागले, “आज किती आहे गं?”

पहिला भाग बिनबोभाट सुकला. दवबिंदू दहाच्या आसपास, वायव्येचा कोरडा वारा, ऊन कडक. बाराव्या दिवशी मणी हातात दाबला तर चिकटेना. हिरवागार माल उतरला. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरा भाग रॅकवर चढून चार-पाच दिवस झाले आणि जिल्ह्याला पिवळा इशारा आला. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. विजांसह पाऊस, ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाचे वारे, तुरळक ठिकाणी. व्हॉट्सॲपवर त्याच इशाऱ्याचा संध्याकाळपर्यंत ‘गारांचा प्रचंड पाऊस’ झाला होता. शेजारच्या शेडवाल्या तात्यांनी चार वाजताच पडदे सोडले. शेडच्या चारी बाजूंना ताडपत्रीचे पडदे वर गुंडाळून बांधलेले असतात. दोऱ्या सोडल्या की खाली येतात. त्यांचं बघून रस्त्याकडेच्या सगळ्यांनी सोडले, आम्हीही सोडले.

पाऊस आलाच नाही. सकाळी आत आर्द्रतामापकावर 78, बाहेर आल्यावर 61. खालच्या दोन थरांतला मणी हाताला गार आणि ओलसर लागत होता. पाऊस अडवणारा पडदा वाराही अडवतो, आणि मण्यातून सुटलेलं पाणी शेडमध्येच कोंडतं. दुसऱ्या रात्री पुन्हा पिवळा इशारा, पुन्हा पडदे, पुन्हा कोरडी रात्र. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या थरातले काही मणी देठाकडून तपकिरी पडलेले दिसले. एकही थेंब न पडता माल काळवंडायला लागला होता. चुकलेला इशारा फुकट नसतो, त्याची किंमत अशी मोजावी लागते.

त्या सकाळी आण्णा, हे आणि मी शेडच्या ओट्यावर बसून ठरवलं. पिवळ्या इशाऱ्यावर पडदे सोडायचे नाहीत. दोऱ्या मोकळ्या करून, गाठी सरकत्या मारून ठेवायच्या, रात्री एक माणूस शेडवर झोपायचा आणि पडदे सोडायचे ते विजेवर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आपल्या जागेभोवती 20 आणि 40 किलोमीटरची वर्तुळं दाखवतं आणि त्यात कुठे वीज पडतेय ते उमटत जातं. 40 च्या वर्तुळात पूर्वेकडून विजा जवळ येऊ लागल्या की पडदे खाली. अर्धा तास मिळतो, आणि चार माणसांना सगळे पडदे सोडायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पूर्वेकडूनच का, हे आण्णांनी सांगितलं. वळीव जतच्या अंगानं येतो, पश्चिमेच्या गडगडाटाला भ्यायचं कारण नाही. ॲपमध्ये ही अट घालायची सोय नाही, ती डोक्यात ठेवली.

त्याच दिवशी दुपारी दवबिंदू 20 ला टेकला. साडेचारच्या सुमाराला पूर्वेला ढगांचे मनोरे उभे राहिले, माथा पांढरा सपाट आणि बूड निळं-काळं. टोळी शेजारच्या रिकाम्या रॅकवर जाळी अंथरत होती. दामिनीवर 40 च्या कडेला ठिपके दिसायला लागले. मी मुकादम मावशींना म्हटलं, बायका खाली उतरवा. त्या वरच्या थराच्या अँगलवर पाय टेकून उभ्या, खाली बघत म्हणाल्या, “आवं वहिनी, लई लांब हाय अजून. एवढी पट्टी वढून घेतो.” लोखंडी अँगलचा सांगाडा, उघडं माळरान आणि सगळ्यांत उंच त्याच. मी आवाज चढवला. माझा आवाज चढलेला त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण पटापटा उतरल्या आणि शेडच्या बाजूच्या पक्क्या खोलीत गेल्या. पडद्यांच्या दोऱ्या पुरुषांनी जमिनीवरूनच सोडल्या.

आधी वारा आला. तांबूस धूळ, मग छताचा कागद फडफडायला लागला, दोन ठिकाणी खिळपट्टीतून सुटला. मग जाड थेंब. पाऊस अर्धा तासही नव्हता, गारा चार-दोन. रस्त्याच्या पलीकडे फर्लांगभर अंतरावर धूळसुद्धा बसली नाही. राज्यात महावेध प्रकल्पाची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं आहेत, महसूल मंडळाला एक. पण असा पाऊस दोन केंद्रांच्या मधून निसटून जाऊ शकतो हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

भिजला तो पूर्वेकडच्या कडेचा पट्टा आणि छताचा कागद सुटला तिथला वरचा थर. एवढं चालण्यासारखं होतं. खरी कसोटी त्यानंतरची होती. पाऊस थांबला की लोक थकून पडदे तसेच ठेवतात, उद्या बघू म्हणतात. आम्ही पाऊस थांबल्याबरोबर पडदे वर घेतले. ओल्या पट्ट्यासमोर ट्रॅक्टरचा ब्लोअर पाण्याविना चालवून हवा मारली, मण्यांवरचं पाणी झटकून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आल्यावर त्या भागावर डिपिंगचा फवारा परत मारला. दवबिंदू अजून 18-19 होता, म्हणजे पुढची रात्रही दमटच जाणार हे माहीत होतं. ती रात्र हे आणि शेडवरचा गडी ब्लोअर घेऊन जागे राहिले. डिझेल किती गेलं हे आण्णांनी विचारलं नाही, यातच काय ते समजायचं.

शुक्रवारच्या पत्रकात वाऱ्याची दिशा वायव्य झालेली दिसली. कमी दाबाचा पट्टा पूर्वेला सरकला होता. पुढच्या दिवशी दुपारी मापकावर 24 टक्के आले, दवबिंदू 11. मी आण्णांना फोनवर पावसाचं काही न बोलता एवढंच सांगितलं, “वारा फिरला.” ते म्हणाले, “व्हय, मला उठल्याबरोबर कळलं. नाक कोरडं पडलंय.” आकडे न बघता त्यांना हे कळतं, याचा मला हेवा वाटतो. पण त्यांच्या नाकाला ते त्या दिवशी कळतं आणि मला तीन दिवस आधी, एवढा फरक राहतोच.

दुसऱ्या भागाला उतरायला सोळा-सतरा दिवस लागले. मळणी करून, गंधकाची धुरी देऊन निवड केली तेव्हा मोठा वाटा हिरवा निघाला, काही पिवळसर आणि खालच्या थरातला व कडेचा काळपट. गंमत अशी की भिजलेल्या पट्ट्यापेक्षा त्या दोन कोरड्या रात्रींनी, म्हणजे उगाच सोडलेल्या पडद्यांनी, जास्त मणी काळे केले होते. थरवार वेगवेगळ्या क्रेटमध्ये उतरवल्यामुळे ते स्पष्ट दिसलं. मी वहीतले आकडे आणि क्रेट ह्यांच्यासमोर शेजारी ठेवले.

तिसरा भाग गुरुवारच्या नकाशाप्रमाणे चार दिवस आणखी पुढे ढकलला. बागेत पाखरांनी त्यातलं खाल्लं, आण्णांनी रोज मोजून सांगितलं. ब्रिक्स मात्र चढली आणि कोरडी हवाही पूर्ण मिळाली. माल पहिल्यासारखाच हिरवा उतरला, वजनालाही भरला. पंधरा किलोच्या पेट्या भरून शीतगृहात लावल्या.

सौद्याला मी पहिल्यांदाच गेले. पेटी फोडायची, मूठभर बेदाणा ताटात ओतायचा, व्यापारी बोटांनी फिरवून बघणार आणि बोली लागणार. बघता बघता पायाखाली बेदाण्याचा सडा पडतो. सतरा दिवस ज्याच्या एकेका मण्याची ओल मोजली, तो असा तुडवला जाताना बघवत नाही. काळपट माल वेगळा लावला होता म्हणून हिरव्याचा भाव पडला नाही. एकत्र असता तर सगळाच खालच्या भावात गेला असता. त्या हिशेबात आण्णांनी निवडणीची मजुरी, ब्लोअरचं डिझेल, तीनदा बोलावलेली टोळी, सगळं धरलं आणि तरी पैसे उरले. तेव्हा कुठे म्हणाले, “फुडल्या सालीबी तीनच भाग करू.”

एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे माल उतरल्यावरची वेलीची छाटणी, झाली. आता काडीवर डोळे तयार होताना ऊन हवं. ढगाळ हवा राहिली तर पुढच्या हंगामाची घडनिर्मिती कमी होते. पण विहिरीनं तळ गाठलाय, म्हैसाळ योजनेचं आवर्तन लांबलंय, त्यामुळे आण्णांना पाऊसही हवाय. रोज संध्याकाळी विचारतात, “कुठं हाय का काय?” मी दोन्ही रकाने वाचून दाखवते, ढगांचा आणि पावसाचा. ढग बरेच, पाऊस नाही असं निघालं की ते माझ्याकडे असं बघतात, जणू पत्रक मीच लिहिलंय.